हरकत नोंदवून घ्या

हात वर करायचा तो थेट खांद्यातून, आणि हातात टोपी. "मिस्टर प्रेसिडेंट, माझी हरकत आहे. नोंदवून घ्या." आमच्या स्कारबरोच्या कॉन्डोची, म्हणजे इकडच्या सोसायटीची, सभा जेमतेम सुरू झालेली असायची, कोणी काही बोललेलंही नसायचं. "अहो, पण हरकत कशाला?" मी विचारायचो. "ते पुढे कळेलच," असं म्हणून ते टोपी मांडीवर ठेवायचे.

तुमच्याही इमारतीत असा एखादा गृहस्थ असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

मी निवृत्त इंजिनियर. बोर्डाचं अध्यक्षपद कोणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. हे टोपीवाले गृहस्थ सातव्या मजल्यावर एकटेच राहायचे. मूळचे गाझाचे. तिकडे कवी म्हणून नाव होतं आणि त्या नावावरच नगरपालिकेवर निवडून आले होते. "सभागृहात मी कवितेसारखं बोलायचो आणि कवितेत गटारांबद्दल लिहायचो," ते सांगायचे. "दोन्हीकडचे लोक कंटाळले." हे ते तक्रार म्हणून सांगत की अभिमानानं, ते मला कधी कळलं नाही. बिल्डिंगमधले त्यांना मेयर म्हणत. मेयर ते कधीच नव्हते, पण या नावावर मात्र त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

कचऱ्याच्या खोलीचं दार लोक उघडं टाकून जातात, म्हणून एका ओळीची सूचना लिहून द्या, असं मी त्यांना एकदा सांगितलं. चूक माझीच. त्यांनी पानभर लिहून आणलं: ते दार, त्यामागचा अंधार, आपण रोज तिथे टाकून येतो त्या वस्तू. मी वैतागून ते तसंच दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं. लोक वाचायला थांबू लागले, आणि वाचताना दार पायानं उघडं धरून ठेवू लागले. मजलाभर वास.

मग एका हिवाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ गाझात वारला. डायलिसिसवर होता, युद्धात ते मिळेनासं झालं. यांना जाणं शक्यच नव्हतं. त्यांच्यात माणूस गेलं की घरच्यांनी तीन दिवस बसायचं असतं, आणि लोकांनी येऊन बिनसाखरेची कॉफी पिऊन जायचं. घर एका खोलीचं, म्हणून त्यांनी खालची पार्टी रूम मागितली. आमचा नियम असा की ती फक्त समारंभासाठी, आणि चार तासांच्या वर नाही.

मी काही दगड नाही. चावी त्यांच्या हातात ठेवली. "तीन दिवस वापरा. कोणी विचारलं तर पेंटिंग चालू आहे म्हणून सांगतो."

त्यांनी चावी परत केली. "भावाचा दुखवटा मी चोरून करू?"

"मग मी काय करू म्हणता?"

"नियम बदला. सगळ्यांसाठी."

"त्याला सभा लागते, नोटीस लागते. महिना जाईल."

"मग द्या नोटीस."

आणि ते तीन दिवस लॉबीत बसले, लिफ्टसमोरच्या सोफ्यावर, थर्मास घेऊन. कुठून कुठून माणसं येत, शेजारी बसून जात. लॉबीत बसून राहायला मनाई, असाही आमचा एक नियम आहे, त्यामुळे इमारतीची देखभाल करणाऱ्या सुपरिंटेंडंटचे फोन मला. मीही जाऊन ती कडू कॉफी प्यायलो. माझ्या कपाळावरची आठी पाहून ते म्हणाले, "यात साखर नसते, माफ करा."

सभेत त्यांनी भावाचा उल्लेखही केला नाही. कोणाच्याही घरातलं माणूस जाऊ शकतं, तेव्हा बसायला जागा हवी, आणि तीन दिवस पुरतात, एवढाच मुद्दा. पण तो त्यांनी सगळ्यांची जेवणाची वेळ टळेपर्यंत सांगितला. ठराव मंजूर झाला. मी बाजूनं मत दिलं ते घरी जाता यावं म्हणून.

उन्हाळ्यात मिरजेला माझी अक्का गेली. थोरली बहीण, आईमागे तिनंच मला वाढवलं. अंत्यविधी मी फोनवर पाहिला आणि मग ग्रोसरी आणायला निघालो, कारण दूध संपलं होतं. लिफ्टमध्ये हे भेटले. सहज सांगितलं.

"कुठे बसणार?"

"कुठेच नाही. आमचं सगळं तिकडेच होतं."

ते पुढे काही बोलले नाहीत, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पार्टी रूम माझ्या नावानं तीन दिवस बुक, आणि लिफ्टमध्ये तशी सूचना. मी भडकलो. बहीण माझी, दुःख माझं, यांना कोणी सांगितल्या या उठाठेवी? सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "अहो, चिडायचंय ना, मग खाली जाऊन चिडा."

रद्द करायलाच गेलो. आत चौथ्या मजल्यावरच्या फिलिपिनो बाई होत्या, दाराबाहेर चपलांचं कपाट ठेवतात म्हणून ज्यांना मी नोटीस पाठवली होती ते चिनी आजोबा होते, आणखीही काही जण. सगळे उठून उभे राहिले. मग बसावंच लागलं. अक्का कशी होती, असं बाईंनी विचारलं. मला शाळेत सोडून ती वर्गाच्या खिडकीशी उभी राहायची, मास्तर हाकलेपर्यंत, हे मी सांगू लागलो. इंग्रजी अपुरं पडलं, तेव्हा मराठीतच बोलत सुटलो. कोणी थांबवलं नाही. ज्या माणसाला मी सभेत कधी गप्प बसवू शकलो नाही, तो तीन दिवस कोपऱ्यात कप विसळत होता आणि एक अक्षर बोलला नाही. ते तीन दिवस मिळाले नसते तर माझं काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

यानंतर ते सुधारले असं समजू नका. पुढच्याच सभेत व्हिजिटर पार्किंगवरून त्यांनी मला घाम फोडला. थंडी पडल्यावर त्यांच्या मुलीनं त्यांना फ्रेंच मुलखात, ब्रॉसार्डला, आपल्याकडे नेलं, तर तिथून फोन. तिथल्या कॉन्डोचे नियम फ्रेंचमध्ये आहेत, त्याला ह्यांचा विरोध. त्याबद्दल माझं मत काय? मी फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरत बसायचो. मार्चमध्ये त्याच नंबरवरून मुलीचा फोन आला. ते झोपेतच गेले होते.

तिकडचं सगळं तिनं केलं. इथे मी खोली बुक केली. कोणी येईल असं वाटलं नव्हतं, कारण ह्यांनी छळलं नाही असा माणूस बिल्डिंगमध्ये नव्हता. तर झाडून सगळे आले, आणि जो तो तक्रारच घेऊन. कोणाला बसस्टॉपवर बाक हवा म्हणून सही करायला बर्फात उभं केलं होतं. सुपरिंटेंडंटला अरबी कविता ऐकवून वर ती कशी वाटली ते विचारलं होतं. चपलांच्या कपाटासाठी हा माणूस आपल्या वतीनं भांडला, आपण नको नको म्हणत असताना, असं चिनी आजोबा पुन्हा पुन्हा सांगत होते. लोक एकमेकांना मध्येच तोडत होते, हसत होते, नाक पुसत होते.

तिसऱ्या दिवशी खोली बंद करायची वेळ झाली तरी कोणाचं बोलून झालं नव्हतं. तीन दिवस पुरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. नाही पुरले. चौथ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन कुलूप काढलं आणि खुर्च्या परत मांडल्या.