देवळाली कॅम्पचा टेलर आणि चिपळूणची भरती

खरं सांगते, मी चिपळूणला निसर्ग बघायला गेले नव्हते. एका माणसाला परत आणायला गेले होते. युसूफभाई आमचे देवळाली कॅम्पचे शेजारी. त्यांचे वडील लष्करी गणवेश शिवायचे, माझ्या शाळेचा स्कर्टही त्यांनीच शिवलेला. लग्नानंतर युसूफभाईंनी सासुरवाडीला, चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान टाकलं. गेल्या पावसाळ्यात पुरात त्यांच्या पाचही शिलाई मशिनी बुडाल्या. यंदा जुलैत फोनवर म्हणाले, "ताई, आता परत मशिनी बुडल्या तर दुकान बंद. मग कॅम्पातच येतो." मी लगेच कॅम्पच्या बाजारात त्यांच्यासाठी गाळा बघून ठेवला. दुसऱ्याच्या संसारात लुडबूड करायची माझी खोड जुनीच.

नाशिकहून थेट एसटी एखाद-दुसरीच, आधी चौकशी करा. कसारा घाट, पनवेल, महाड करत दहा तास सहज जातात. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च कमी. कंबरेचं काय होतं ते विचारू नका. परशुराम घाटात ढग खिडकीतून आत आले आणि शेजारच्या बाई डबा उघडून घावने खाऊ लागल्या. मला न विचारता दोन माझ्या हातावर ठेवले. स्टँडजवळच्या लॉजवर हजारात स्वच्छ खोली मिळाली. उतरल्यावर मी विचारलं, "समुद्र किती लांब?" लॉजवाला हसला. म्हणाला, "समुद्र लांब हाय, पन खाडीतनं पानी हितवर येतं." तेव्हा ते मी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले. शेजारच्या दोन दुकानांना कुलूप होतं. एका मालकाने तर बिऱ्हाडच पुण्याला हलवलेलं. युसूफभाईंकडे तीन बायका शिवायला असतात. पुरानंतर महिनोन्‌महिने त्यांना काम नव्हतं. एक काजूच्या कारखान्यात जाऊ लागली, दुसऱ्या दोघी मात्र इथेच येऊन रॉकेलने मशिनींचा गंज काढत बसल्या. पाचातल्या तीन मशिनी त्यांनी वाचवल्या, दोन युसूफभाईंनी नव्या घेतल्या. मग काजूवालीही परत आली.

"पण बुडाल्या कशा? वर उचलता आल्या नसत्या?" मी विचारलं.

"उचलल्या होत्या, ताई," युसूफभाई म्हणाले. पुढचं बोलायच्या आतच पायरीपाशी पाणी आलं.

पाऊस रात्रीपासून होताच, त्यात अमावास्या. पण धावपळ अशी कुणी केली नाही. नदीकडच्या पहिल्या दुकानापासून सुरुवात झाली. त्या दुकानाचा माल वर चढवायला अख्खी ओळ गेली, मग दुसरं, मग तिसरं. आपलं दुकान आधी, असं कुणी म्हणत नव्हतं. युसूफभाईंनी छताला कप्पी बसवली आहे. दोर ओढला की मशीन पाळण्यासारखी वर जाते. मीही कापडाचे तागे माळ्यावर टाकले आणि दोन दिवस खांदा धरून बसले, तो भाग वेगळा.

तासाभराने मोबाइलवर बातमी आली, वरच्या धरणातून पाणी सोडणं कमी केलंय. मी निःश्वास टाकला. आमच्या गोदावरीचं गणित मला पाठ आहे: गंगापूर धरणाचा विसर्ग घटला की नदी उतरली म्हणून समजायचं. मी दोराला हात घातला. "चला, उतरवा मशिनी. झालं."

समोर सुकी मासळी विकणाऱ्या सुमनताई तिथूनच म्हणाल्या, "हात काढ गो बाय. भरती अजून सुटली नाय, ओहोटी लागूदे आधी. खाडी भरलीय, नदीचं पानी जाईल कुठं?"

युसूफभाई माझ्याकडे बघून हसले, पण डोळे ओले होते. "मागच्या साली मी हेच केलं, ताई. धरणाची बातमी वाचली, मशिनी खाली ठेवल्या, जेवायला घरी गेलो. सुमनताई तेव्हाही ओरडत होती. मी म्हटलं, हिला काय कळतं? मी नाशिकचा आहे."

मला माझीच लाज वाटली. आम्ही दुकानातच बाकावर पाय वर घेऊन बसलो. पाणी उंबरा ओलांडून आत आलं, बाकाच्या पायांना लागलं, वीतभर चढलं आणि थांबलं. शिवणाऱ्या तिघीजणी वर टांगलेल्या मशिनींकडे बघत होत्या. अडीचच्या सुमाराला सुमनताई म्हणाल्या, "सुटली." आम्हाला काही दिसेना. अर्ध्या तासाने उंबरा दिसला. संध्याकाळी फरशी धुऊन झाली, पाचही मशिनी कोरड्या खाली आल्या आणि शेवटी आम्ही तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवलो. इतकं चवीचं पिठलं मी खाल्लेलं नाही.

निघताना मी गाळ्याचा विषय काढला. युसूफभाई म्हणाले, "दुसऱ्या कुणाला द्या, ताई. या तिघींना घेऊन मी कॅम्पात कसा येऊ?"

परतीच्या गाडीत मला वाईट वाटलं. शेजार परत मिळेल अशी आशा होती. पण ती दुकानांची ओळ डोळ्यांसमोरून जात नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते, ते बघून जा, आणि बाजारात चार पैशांची खरेदी नक्की करा.

नाशिकला पोचल्यावर गाळ्याच्या मालकांना फोन केला. ते वैतागले. "तिथे दरवर्षी पाणी येतं म्हणता, आणि माणूस तिथेच राहतो?"

"पाणी येतंच," मी म्हटलं. "पण ते कधी उतरतं हे सांगणारी माणसं तिथे आहेत, आणि आता तो त्यांचं ऐकतो."