बेचाळीस फिकट चौकोन

गुनबोर्ग सेलिन. वय अठ्ठ्याहत्तर. विधवा. राहणार हेर्नोसांड, दुसरा मजला, एक खोली व स्वयंपाकघर. निवृत्तीपूर्वीचा व्यवसाय: शाळेच्या भटारखान्यात आचारी, एकतीस वर्षे. चालणे: स्वतः. जिने: स्वतः. स्मरणशक्ती: वयाच्या मानाने जास्त. जवळचे नातेवाईक: एक पुत्र, वास्तव्य मालमो, संपर्क समाधानकारक. एकटेपणाची भावना: आढळली नाही. मदतीची गरज: नाही.

ही नोंद नगरपालिकेच्या बाईंनी सदर व्यक्तीच्या घरी, सदर व्यक्तीच्या एकुलत्या एका खुर्चीत बसून केली. सदर व्यक्ती तेव्हा उभी होती. घरात खुर्ची एकच का, असा रकाना त्या कागदावर नव्हता.

असता तर उत्तर सोपं होतं. गुनबोर्गची मरणाआधीची आवराआवर झाली होती. उत्तरेकडच्या त्या थंड भागात शहाणं माणूस म्हातारपणी आपलं घर आपल्याच हातांनी रिकामं करतं. आपल्यामागे पोराबाळांना पसारा उपसायला लावणं म्हणजे जेवून खरकटं तसंच टाकून उठण्यासारखं. बहुतेक जण सुरुवात जोरात करतात आणि फोटोंच्या खोक्यापाशी बसकण मारतात. पण चारशे पोरांची पातेली घासलेल्या बाईला काम अर्धवट टाकणं ठाऊकच नव्हतं. दोन हिवाळ्यांत तिने घर धुऊन काढलं. मयतानंतरच्या कॉफीसाठी जपलेले चोवीस कप चर्चला गेले, चिंध्यांच्या सतरंज्या जुन्या बाजारात. नवरा एवाल्ड जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याचे मासेमारीचे गळ खालच्या मजल्यावरच्या हिल्डिंगला दिले, आणि मुलाचा, टोर्गनीचा, लाकडी पलंगही त्यालाच. लग्नाचा फोटो कागदात गुंडाळून टोर्गनीला टपालाने पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘मिळाला. धन्यवाद.’

टोर्गनी रेल्वेच्या पुलांना भेगा पडल्यात का ते तपासायचा, आणि पुलांना त्या देशात तोटा नव्हता. चार वर्षांत त्याला घरी यायला जमलं नव्हतं. आपण गेल्यावर त्याला एका दिवसाची रजा पुरेल, असा गुनबोर्गचा हिशेब होता. त्याआधी तो एकदा आला तर बरं, हे ती हिशेबात धरत नसे. खिडकीतला दिवा मात्र रोज दुपारी चारला लावायची.

तर उरलं काय? पलंग, टेबल, खुर्ची, तो दिवा, एक वाडगा, एक कप, राखाडी लोकरीचं पांघरूण. जमीन साबणाने घासून घासून पांढुरकी झालेली. आणि टेबलाच्या वर, भिंतीवर, एक फिकट चौकोन. तिथे अडतीस वर्षं लग्नाचा फोटो होता. बाकीची भिंत एवाल्डच्या पाइपच्या धुराने पिवळी केली होती. तिने सगळी भिंत घासली. भिंत थोडी उजळली, चौकोनही उजळला, दोघांतलं अंतर तेवढंच राहिलं.

जायचं राहिलेलं शेवटचं एक कोपऱ्यातलं कपाट विकायचं म्हणून तिने वाचनालयात चिठ्ठी लावली. ती वाचून तूवा ब्लाद नावाची तिशीतली बाई आली. बंदरावरच्या जुन्या जकात कचेरीचं हॉटेल व्हायचं होतं, आणि त्याची आतली सजावट तूवाकडे होती. तिने दारात बूट काढले, मोज्यांवर दोन पावलं आत आली आणि थिजली.

“हे कुणी केलं?”

“काय?”

“हे सगळं. म्हणजे, हे काहीच नसणं.”

“मीच. दोन हिवाळे लागले.”

तिकडे राजा सोडला तर सगळ्यांना अरे-तुरेच. तूवा म्हणाली, “गुनबोर्ग, मी चार वर्षं हेच शिकले आणि मला हे जमत नाही. तू कुठे शिकलीस?”

“मरायच्या तयारीत.”

तूवा खळखळून हसली. मग ती हसली म्हणून गुनबोर्ग चकित झाली.

“कपाट बघतेस ना?”

“कपाट सगळं बिघडवतंय.”

“म्हणून तर विकतेय.”

“आणि एवढं रिकामं असून किती ऊब आहे इथे!”

“रेडिएटर घरमालकाचा आहे,” गुनबोर्ग म्हणाली. नसतं श्रेय घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तूवाने कपाट घेतलं, ते केवळ त्या खोलीतून जावं म्हणून. मग टेप काढली. “मोजू का?”

“मोज. मोजल्याने झिजत नाही.”

पानगळीत हॉटेल उभं राहिलं आणि गुनबोर्गला कॉफीचं बोलावणं आलं. सोबत हिल्डिंग होता, फुकटची कॉफी त्याने आयुष्यात सोडली नव्हती. तूवाने मोठ्या कौतुकाने पहिल्या खोलीचं दार उघडलं, आणि गुनबोर्गचा हात खिशात किल्लीकडे गेला. आपण घरी आलो, असं तिला क्षणभर खरंच वाटलं. तेच टेबल. तीच एक खुर्ची. तोच दिवा, तोच वाडगा, पांघरूणही तसंच घडी घातलेलं. आणि पिवळसर भिंतीवर, टेबलाच्या वर, फिकट चौकोन.

“हा माझा सगळ्यात आवडता भाग,” तूवा कुजबुजली. “रंगाऱ्याला तीनदा करायला लावला. किती शांत आहे ना तो?”

“तो एवाल्ड आहे,” गुनबोर्ग म्हणाली.

“कोण?”

“माझा नवरा. तिथे त्याचा फोटो होता.”

तूवाचा चेहरा त्या चौकोनाच्या रंगाचा झाला. हिल्डिंगने घसा खाकरला. “अशा किती खोल्या आहेत?”

“बेचाळीस.”

“बाप रे. जिवंत होता तेव्हा एका खोलीत टिकत नव्हता.”

गुनबोर्ग खुर्चीत बसली. मागे काही ठेवायचं नाही म्हणून दोन हिवाळे राबलेली बाई बेचाळीस खोल्यांमध्ये जशीच्या तशी शिल्लक होती.

“उद्या सगळे पुसून घेते,” तूवा रडकुंडीला आली होती. “शपथ. मला वाटलं, ते... मला वाटलं, तू मुद्दाम केलंयस.”

“राहू दे. त्या रंगाऱ्याचे आणखी हाल नकोत.”

पुढच्या गुरुवारी फोन वाजला.

“आई, आपली भिंत पेपरात आलीय.”

“ती हॉटेलची आहे.”

“बाबांची जागा मला कळत नाही होय?” टोर्गनी म्हणाला. नाक ओढल्यासारखा आवाज आला. “मी उद्या येतो. तीन दिवस आहे.”

चार वर्षांत तिने विनवण्या केल्या नव्हत्या. आता न विनवता तो येत होता, तेही एका डागामुळे. तिने फोन ठेवला. मग खाली हिल्डिंगकडे गेली.

“टोर्गनीचा पलंग दे. तीन दिवसांसाठी.”

हिल्डिंग आपल्या चपलांकडे बघू लागला. “पलंग सौनाच्या भट्टीत गेला, गुनबोर्ग. गेल्या नाताळात.”

“सौनात?”

“बर्चच्या लाकडाचा होता ना. फार सुंदर जळला.”

“माणसं दिलेल्या वस्तू वापरतात, हिल्डिंग.”

“वापरलाच की!”

शेवटी त्याने आपली बोटीतली गादी दिली. तिला डांबराचा वास येत होता. गुनबोर्गने ती उन्हात टाकली, झोडपली, भिंतीलगत अंथरली, आणि दोन पलंगपोस असावेत तसा एकच पलंगपोस दुमडून त्यावर घातला. वेलदोड्याच्या गोड पावांचं पीठ मळलं. तिला प्रमाण शाळेचंच येत असल्यामुळे ते पंचेचाळीस पावांचं झालं.

शुक्रवारी टोर्गनी आला. केस पांढरे झालेले, बाकी तोच. दारात बूट काढले. हात रिकामे.

“सामान कुठाय?”

“हॉटेलात टाकलं. तुझ्याकडे जागा कुठे आहे, आई?”

गुनबोर्गने खोलीभर नजर फिरवली. त्या खोलीत जागेशिवाय दुसरं काही नव्हतं.

“गादी आणलीय,” ती म्हणाली. “ऊन दाखवलंय.”

“तुला कशाला त्रास? तू सगळं आवरून ठेवलंयस, त्यात मी कुठे पसरू?”

वाक्य तिचंच होतं, गेली दोन वर्षं ती ते स्वतःशी म्हणत आली होती. तिने कॉफी केली. तो खुर्चीत बसून प्यायला. मग तिने कप विसळला आणि उभ्यानेच स्वतःची कॉफी घेतली.

“खोली बरी आहे का तिथली?”

“काय सांगू तुला!” टोर्गनी म्हणाला. “दार उघडलं आणि रडूच आलं. खुर्चीत बसलो, बाबांच्या चौकोनाखाली. इतक्या वर्षांनी घरी आल्यासारखं वाटलं बघ.”

गुनबोर्गच्या हातातला कप टेबलावर जरा जोरात आदळला. तिने कड तपासली. फुटला नव्हता.

“सकाळी ये,” ती म्हणाली. “लवकर. पाव गरम असतील.”

“बघतो.”

शनिवारी ती पाचला उठली. सातला पंचेचाळीस पाव ओट्यावर होते, फडक्याखाली. आठला तिने फडकं उचलून पाहिलं, नऊला पुन्हा पाहिलं. साडेनऊला हिल्डिंग वास काढत वर आला, आणि तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. दहाला पाव निवले.

हॉटेलच्या भाड्यात न्याहारी धरलेली होती.