नरेंद्रच्या ट्रेलरचे ब्रेक

नरेंद्रला चूक दाखवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये त्याच्या शेजारी इतकी वर्षं राहून मला पाठ झालंय. चिप बनवणाऱ्या कंपनीत हा क्वालिटीचा मॅनेजर. जगाच्या चुका काढायचा पगार घेतो. याची स्वतःची चूक मात्र कधी सापडत नाही, कारण सापडली की तो ती 'क्लोज' करतो. छत गळलं, क्लोज. लेकानं फोन करणं सोडलं, तेही क्लोज.

मध्यंतरी त्यानं एक अवाढव्य पिकअप ट्रक घेतला. कशाला, तर इथल्या मराठी मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा ट्रेलर ओढायला. कोथिंबिरीची जुडी आणायलाही तोच ट्रक. असल्या ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात. स्टिअरिंगच्या बाजूला एक डबी असते, ती मागे वीज धाडते आणि ट्रेलरची चाकं धरली जातात. तसं झालं नाही, तर उतारावर मागचं सगळं वजन ट्रकला ढकलत सुटतं. हे मला त्यानंच शिकवलं, स्लाइड्स दाखवून.

यंदा गणपतीत पथकाला डोंगरावरच्या फ्लॅगस्टाफ गावचं बोलावणं आलं. येताना डोंगराचा लांबलचक उतार. निघायच्या दिवशी देवळाच्या पार्किंगमध्ये ढोल चढवून झाले, आणि नरेंद्रची बायको उत्तरा ट्रकच्या दाराशीच अडून उभी राहिली.

"आधी मला ब्रेक दाखव. त्याशिवाय मी बसणार नाही."

"अगं, ट्रेलरचे सगळे लाइट्स लागतायत. म्हणजे वायरिंग ओके आहे. तो टॉपिक क्लोज्ड आहे यार."

"लाइट नको, ब्रेक दाखव. डबीवरचा खटका दाबला की नुसता ट्रेलर अडतो, असं तूच सांगितलंस ना? हळू ड्राइव्ह कर आणि दाब."

एवढीशी गोष्ट. पण सगळं पथक बघत होतं, आणि नरेंद्र परीक्षा घेतो, देत नाही. तो डेटा, प्रोसेस असलं काहीबाही बडबडायला लागला. मला त्याची किळस आली. उत्तरानं त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि स्वतःच स्टिअरिंगवर जाऊन बसली.

ट्रक हळूहळू निघाला. तिनं खटका दाबलेला मला खिडकीतून दिसला. ट्रेलर आपला निवांत मागोमाग चालतच राहिला. शेवटी तिनं ट्रकचे ब्रेक दाबून गाडी थांबवली.

मी ट्रेलरखाली वाकलो. जूनमध्ये या शहाण्यानं सगळा सांगाडा हौसेनं भगवा रंगवला होता, आणि अर्थिंगची तार सरळ त्या जाड रंगावरच बोल्टनं आवळली होती. विजेला परतायला लोखंडच मिळत नव्हतं. दिव्यांना चिमूटभर वीज पुरते, तेवढी जोडणीच्या हुकातून कशीबशी परतत होती. ब्रेकला तेवढ्यानं काय होणार? मी रंग खरवडला, तार लोखंडाला घट्ट बसवली. उत्तरानं पुन्हा खटका दाबला, तेव्हा ट्रेलर असा गचकन अडला की आतले ढोल गडगडले.

"बघ, मायनर इश्यू होता," नरेंद्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. पडलो तरी नाक वर.

उत्तरा मात्र उतरली नाही. ती त्या डबीकडे बघत होती. डबीवर मंडळाच्या गणपतीचा स्टिकर होता, बरोबर आकड्यांच्या पडद्यावर चिकटवलेला. तिनं तो नखानं सोलून काढला.

"हा इथे का लावलास?"

"तिथे सारखं फॉल्ट म्हणून यायचं. तू बघून उगाच टेन्शन घेतलं असतंस."

"कधी लावलास?"

"जुलैत. पथकाच्या शिबिराला पेसनला निघालो तेव्हा."

हे त्यानं शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं सांगितलं. पेसनहून येतानाही असाच उतार लागतो, आणि तेव्हा मागे हाच ट्रेलर होता, शेजारी उत्तरा.

"तो अख्खा उतार मला भीती वाटत होती," ती म्हणाली. "ट्रक ढकलल्यासारखा जात होता. मी या गणपतीला हात जोडून बसले होते, नरेंद्र. आणि तू माझ्याकडे बघून हसलास."

नरेंद्रनं शेजारच्या सीटचं दार उघडून धरलं. "झालं ना आता? ब्रेक लागतायत. चल, बस."

ती खाली उतरली. "शशीभाऊजी, तुमच्या गाडीत जागा आहे ना?" असं मला विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत माझ्या गाडीत जाऊन बसली.