पणजोबांच्या स्मृतिदिनी चुकलेली रोझरी

मंडळी, आज माझ्या पणजोबांचा स्मृतिदिन. वसईच्या खाजणात पहिलं घर त्यांनी बांधलं, पहिला क्रूसही त्यांचाच. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ते कधी चुकवत नसत. शंभर वर्षांपूर्वी प्लेगात, ज्यांना कुणी शिवत नव्हतं ती प्रेतं त्यांनी पुरली आणि त्यातच गेले.

आज इथे आखातात, दार्सैतला आमच्या घरी त्यांच्यासाठी रोझरी होती. दुपारी फोन आला. इथल्याच माबेल्यात एक मजूर वारला होता, शवपेटी विमानतळावर न्यायला माणसं हवी होती.

मी वसईला फोन करून बाबांना विचारलं, "रोझरी चुकेल. काय करू?"

"प्लेगात त्यांचीही चुकली असेल. तू जा."

पेटी उचलण्याआधी मी कागदावर त्या मजुराचं नाव वाचलं. पणजोबांनी पुरलेल्यांपैकी एकाचंही नाव आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. तुम्ही अशा निनावी मृतांसाठी प्रार्थना कशी करता?