पस्तीस गाठींची जाळी

हा गाढवपणा मी स्वतःच्याच तोंडानं सांगतेय, कारण मी नाही सांगितला तर तिखटमीठ लावून सांगणारे आमच्या गल्लीत पंधरा जण तयार आहेत. तेव्हा चहा घ्या आणि ऐका. मध्ये मध्ये हसू नका, शेवटी एकदमच हसा.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. माणूस निवृत्त होतो, पण शिकवायची खोड काही निवृत्त होत नाही. त्यात गेल्या हिवाळ्यात माझ्या वैरागच्या भावानं एक गावरान कोंबडी आणि तिची नऊ पिल्लं पाटीत घालून आणून दिली. अक्कलकोट रोडला आमचं बैठं घर, मागं बऱ्यापैकी अंगण, अंगणात एक चिकूचं झाड. जाताना भाऊ म्हणाला, "आक्का, पिल्लं मोठी हुईपर्यंत डालग्याखाली ठेव. मोकळी सोडू नको."

डालगं म्हणजे बांबूचं ते उपडं घालायचं मोठं टोपलं. पिल्लांना ऊन नको, व्यायाम नको, नुसतं टोपल्याखाली कोंडून ठेवा, ही आमच्या भावाची अक्कल. मी सोडली मोकळी.

आठवड्यात दोन पिल्लं गेली.

दुसरं तर माझ्या डोळ्यांदेखत गेलं. मी पायरीवर बसून मेथी निवडत होते. कबुतराएवढा, राखाडी पाठीचा एक पक्षी आला, माझ्यापासून पाच हातांवर उतरला, पिल्लू उचललं आणि निघून गेला. जाता जाता माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच त्याच्या अंगणात येऊन बसले होते.

शेजारच्या नरसम्मा भिंतीपलीकडून बघत होत्या. सगळं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं, आता त्याही घरीच असतात. त्यांच्याकडंही कोंबड्या आहेत.

"घार हाय बाई ती," त्या म्हणाल्या. "चटावलीय. आता रोज येणार की."

"घार नाही, शिक्रा," मी म्हटलं. "घार याच्या दुप्पट असते."

"काय बी असू द्या. पिल्लं नेतंय न्हवं? रंग लावा पिल्लास्नी. आमी लावलाय बघा."

मी भिंतीवरून वाकून बघितलं. त्यांची बाराच्या बारा पिल्लं गुलाबी. चादरीच्या रंगात बुचकळून काढलेली. अशा रंगीत पिल्लाला म्हणे घार बिचकते. मी भिंतीवर कोपर टेकवलं आणि 'पक्ष्यांचे डोळे' या विषयावर नरसम्मांचा तास घेतला. पक्ष्याला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. पिवळं पिल्लू एखादे वेळी नजरेतून सुटेल, गुलाबी तर त्याला पार तिकडं मोहोळ गावातून दिसेल. नरसम्मांनी सगळं ऐकून घेतलं, "व्हय व्हय" म्हणाल्या आणि आत गेल्या.

अडाणीपणाला औषध नाही, असं मी संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं.

हे म्हणाले, "त्यांचं एक तरी पिल्लू गेलं का?"

मुद्दा सोडून बोलायची ह्यांची जुनी सवय आहे.

मी शास्त्रीय मार्ग धरला. बाजारातून नायलॉनची जाळी आणली. गच्चीच्या कठड्यापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आख्खं अंगण झाकायचं ठरवलं. झाड बाहेर ठेवता आलं असतं, पण म्हटलं तेही आत घेऊ, वटवाघळांपासून चिकूही वाचतील. हुशार माणसाला एका कामात दोन फायदे दिसतात आणि तिथंच तो आपटतो.

रविवारी सकाळी हे शिडीवर आणि मी खाली उभी राहून सूचना देतेय, असं काम सुरू झालं. दुपारपर्यंत तीन बाजू झाल्या. चौथी राहिली, पण ह्यांना भूक लागली. जेवलो, जरा आडवे झालो, आणि चारच्या सुमाराला चौथी बाजू मी स्वतः शिडीवर चढून बांधली. ह्यांच्या गाठी ढिल्या असतात. मी पस्तीस गाठी मारल्या, एकेक दोनदा ओढून. आत काही शिरायची सोयच ठेवली नाही.

आता एवढं काम केल्यावर ते चार लोकांनी बघायला नको? गल्लीतल्या तिघी जणींना चहाला बोलावलं. शिवाय नरसम्मांना मुद्दाम बोलावलं. विज्ञान कशाशी खातात ते त्यांना कळायला पाहिजे होतं.

सगळ्या जाळीखाली खुर्च्या टाकून बसल्या. कोंबडी मात्र डालग्याखालून बाहेर येईना. जाळीच्या कामापुरतं घातलेलं डालगं मी एका बाजूनं विटेवर उचलून ठेवलं होतं, तरी ती पिल्लांना पोटाखाली घेऊन आत बसलेली, आणि सारखी कर्कश ओरडत होती. वर जाळीवर चार कावळे बसून नुसता गोंधळ घालत होते.

"बाई, कोंबडी वराडतीय," नरसम्मा म्हणाल्या.

"नवी जाळी बघून बिचकलीय. प्राण्यांना बदल आवडत नाही."

"कावळं बी बोंबलायलेत की."

"त्यांचं इथलं खरकटं बंद झालं ना."

नरसम्मांनी कप खाली ठेवला. "झाडात बघू का जरा?"

"झाडात काय बघायचंय, नरसम्मा? झाड जाळीच्या आत आहे," मी म्हटलं, आणि बाकीच्या तिघींकडं बघून हसले. त्याही हसल्या.

कोंबडीला आपण सुरक्षित आहोत हे कळत नसेल, तर ते तिला शिकवायला पाहिजे. मी उठले, डालगं बाजूला केलं, कोंबडीला हातानं सारलं. तिनं मला चोच मारली. तरी मी उरलेली सातही पिल्लं ओंजळीओंजळीनं उचलून अंगणाच्या मधोमध सोडली. म्हटलं, "आता आकाशातून कुणी येऊन दाखवावं."

आकाशातून कुणी आलं नाही. चिकूतून आलं.

"घार, घार," नरसम्मा ओरडल्या.

"शिक्रा," मी म्हटलं. खरं सांगते, त्या क्षणालाही म्हटलं.

पिल्लू घेऊन तो वर उडाला, जाळीला धडकला, पुन्हा उडाला, पुन्हा धडकला. मग चिकूच्या फांदीवर जाऊन बसला आणि निवांत जेवायला लागला. तिघी जणी स्वयंपाकघरात पळाल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही दुपारी घोरत असताना तो उघड्या बाजूनं आत येऊन पानांत बसला होता, आणि मी झोप काढून ताजीतवानी होऊन त्याच्यामागं दार लावलं होतं.

मी ह्यांचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, खराटा घेतला आणि त्याला हुसकवायला स्टुलावर चढले. हेल्मेटची काच जाळीत अडकली. मान हलेना. शिक्रा दोन हातांवर, आणि आम्ही दोघंही एकाच जाळीत. फरक इतकाच, की तो घाबरलेला नव्हता.

हे गच्चीवरून वाकून म्हणाले, "आता ही जाळी कुणाला कुणापासून वाचवतेय?"

"गाठी सोडा आधी," मी म्हटलं.

गाठी सुटेनात. माझ्या होत्या ना. शेवटी नरसम्मा घरातून कात्री घेऊन आल्या. आधी मला मोकळं केलं, मग शिडीवर चढून मी बांधलेल्या बाजूची जाळी कापत गेल्या, पस्तीसच्या पस्तीस गाठी. खाली उतरून सहा पिल्लं पदरात गोळा केली आणि कोंबडीजवळ डालग्याखाली ठेवली. शिक्रा मात्र दिवस मावळायला आला तेव्हा कुठं गेला. त्याला कसली घाई?

कोंबडी तोपर्यंत हळू आवाजात सातव्याला बोलवत राहिली. मी डालग्याशेजारी पायरीवर बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर भाजीची गाडी आली. मी पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले आणि आवाज ऐकून तिथंच थांबले. भाजीवाली नरसम्मांना विचारत होती, "काल बाईंच्यात कसला कार्यक्रम हुता म्हणं?"

नरसम्मा वांगी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय न्हाय की. बाईंनी त्या पाखराला जेवायला बोलावलं हुतं. सोताच्या हातानं वाढलं बी. आमाला नुसता चा."