मंगेशला घेऊन डोंगरावरच्या कुटीत

डोंगरावर मुक्कामाला जायचं खूळ माझं नव्हतं. घर मोर्शीला, नोकरी अकोल्यात, फ्लेक्सच्या दुकानात अक्षरं जुळवायची. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. माझं फिरणं म्हणजे नातेवाइकांची लग्नं आणि एखादी यात्रा. खूळ माझ्या धाकट्या भावाचं, मंगेशचं.

मंगेशला सिकलसेल आहे. ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी सांगतो. रक्तातल्या पेशींचा आकार बिघडतो, त्या नसांमध्ये अडकतात आणि हाडं अशी दुखतात की माणूस उशी चावतो. थंडी, थकवा, अंगातलं पाणी कमी होणं, यातलं काहीही त्याला पुरतं. म्हणून मंगेशला लहानपणापासून पोहायला बंदी, क्रिकेटला बंदी, शाळेच्या सहलीला बंदी. आता तो एकोणीस वर्षांचा आहे.

दिवाळीत त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. सातपुड्यातल्या एका पठारावर दगडी कुटी. पूर्वी जंगलाच्या पहारेकऱ्यांसाठी बांधलेली, आता खालच्या गावातले लोक परवानगी काढून, वाटाड्या सोबत देऊन एक रात्र राहू देतात.

"दादा, मले इथं एक रात्र झोपाचं हाय."

"अन् दुखलं तं?"

"दुखलं तं दुखलं. घरी काय दुखत नाही?"

त्याला मोठा त्रास होऊन दोन वर्षं होत आली होती. अमरावतीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जा, पण हळू चाला, अंग गरम ठेवा, आणि तहान लागायची वाट न पाहता पाणी पीत राहा. माय आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. निघायच्या आदल्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाली, "घेऊन जाऊन राहिला न, तसाच आनजो."

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो. जानेवारीत वर कडाक्याची थंडी असते आणि मार्चनंतर वणव्याच्या भीतीने वाट बंद होते, असं परवानगी काढताना मला फोनवर सांगितलं होतं. मी अकोल्याहून पहाटेची बस धरली, मंगेश मोर्शीहून आला, अमरावतीच्या स्टँडवर भेटलो. तिथून परतवाड्याला बसेस भरपूर आहेत. परतवाड्यात स्टँडसमोर आलूबोंडा आणि रस्सा खाल्ला. पुढे घाटात जीप. मळमळणाऱ्यांनी पुढची सीट आधीच धरावी. सुटे पैसे इथेच करून घ्या. वर नेटवर्क नाही, त्यामुळे मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत. वाटाड्या, कुटी आणि दोन वेळचं जेवण यांचे पैसे आधी ठरतात आणि गावात पोचल्यावर द्यायचे असतात. पगारदार माणसाला जड जाणार नाही, मला थोडे गेले.

गाव कोरकू आदिवासींचं. समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी, मधे झाडून लख्ख केलेला रस्ता. आमचा वाटाड्या सुखलाल, चाळिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने माझ्या पाठीवरची बॅग हाताने तोलून पाहिली.

"दादा, एक रात का मुक्काम आहे का घर शिफ्ट करून राहिले?"

बॅगेत तीन ब्लँकेट, गोळ्या, थर्मास, दोन बॅटऱ्या आणि मीठ-साखरेच्या पुड्या होत्या. मंगेशच्या बॅगेत फक्त त्याचे कपडे आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. पाणी त्याच्याजवळच असावं, माझ्याकडे मागावं लागू नये, असा माझा हिशेब.

सुखलालने नियम एकच सांगितला. अंधार पडल्यावर कुटीबाहेर पाय नाही. त्या पठारावर अस्वलं आहेत.

"अस्वल स्वतःहून येते का अंगावर?" मी विचारलं.

"अस्वल का विचारून येते, दादा? सीधा तोंड धरते."

मग मी वाटभर अस्वलाबद्दलच विचारत राहिलो. धावावं का, उभं राहावं का, बॅटरी मारावी का. आणि दर वळणावर मंगेशला बजावलं, दिवस मावळला की बाहेर जायचं नाही. काहीही झालं तरी नाही. लघवीलाही नाही. तो "हो बावा, हो" म्हणत पुढे चालत होता.

हिरव्या जंगलाची अपेक्षा ठेवून फेब्रुवारीत जाऊ नका. सागाची पानं गळलेली, पायाखाली त्यांचा एवढा आवाज की बोललेलं ऐकू येत नाही. वणवा पसरू नये म्हणून गवताचे पट्टे मुद्दाम जाळलेले, त्यातून चालताना पोटऱ्या काळ्या होतात. नाला कोरडा. एकाही पक्ष्याचं नाव मला सांगता येणार नाही. मला जंगल उदास वाटलं आणि मी तसं बोललोही. मंगेश म्हणाला, "तुले तं बगीचा बी उदास वाटते." तो शीळ वाजवत होता. मी मधूनमधून विचारायचो, "पानी पेला का?" तो बाटली तोंडाला लावून दाखवायचा.

चढ अवघड नाही. आम्ही बसत बसत गेलो आणि उन्हं कलायच्या आत पोचलो.

कुटी म्हणजे दगडी भिंती, वर पत्रा, एक दार, जाळी लावलेली एक खिडकी. आत चूल, जमिनीवर सतरंज्या, धुराचा वास असलेल्या गोधड्या. दाराजवळच्या कोपऱ्यात झाकणाचा तेलाचा रिकामा डबा होता. मी केळीची सालं आणि बिस्किटांचे कागद त्यात नीट टाकले. मला कचरा इकडेतिकडे चालत नाही.

मंगेश उंबरठ्यावर बसला होता. पठाराच्या कडेपलीकडे सगळं मैदान पसरलेलं. अंधारू लागलं तसे परतवाड्याकडचे दिवे एकेक करत लागले.

"मोर्शी कुठं असन?"

मी अंदाजाने उगवतीकडे हात केला.

"इथून दवाखाना बी दिसत नाही," तो म्हणाला आणि हसला. इतका वेळ काहीही न करता बसलेलं मी त्याला फक्त सलाईन लावल्यावर पाहिलं होतं.

जेवायला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि ठेचा. सुखलालने मोहाची बाटली काढली. "दोन घोट घ्या, थंडीचं औषध आहे." मंगेशने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं. सुखलाल म्हणाला, "भाऊ, तुझे दादा आहेत तर मला पहारा नको. मी झोपतो." आणि दाराला आडणा लावून खरंच झोपला.

थंडी माझ्या अंदाजापेक्षा जास्त होती. तिन्ही ब्लँकेटं मंगेशवर घातली. पत्र्यावर काही ना काही वाजत राहिलं. मंगेश एकदाही उठला नाही. पोरगं निवांत झोपलं, असं मला वाटलं.

सकाळी त्याला उगवता सूर्य पाहायचा होता. मी हाक मारली तर म्हणाला, "पाच मिन्ट." मग पुन्हा पाच मिनिटं. चेहऱ्याचा रंग गेलेला होता. विचारलं तर म्हणे, झोप नाही झाली. आम्ही उतरायला लागलो. पहिल्या वळणावर तो दगडावर बसला.

"मांडीत कळ येऊन राहिली."

मी त्याची बॅग घ्यायला उचलली आणि माझा हात खाली गेला. ती जशी नेली तशीच जड होती. उघडून पाहिलं. दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

"पानी काहून नाही पेला बे?"

तो दात आवळून म्हणाला, "मले रात्री दोन-तीनदा जा लागते. तू म्हने, बाहेर जाचं नाही. मी उठलो असतो तं सुखलालभाऊले उठा लागलं असतं, तू बॅटरी घेऊन मांगं आला असता. रातभर जिवाले घोर लावून घेतला असता तू. म्हून कालपासून बंद केलं."

सुखलालने कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, तो डबा त्याच्यासाठीच ठेवला आहे! सगळे पाहुणे त्यातच करतात. विचारायचं ना."

अस्वलाबद्दल मी दिवसभर विचारलं होतं. हे नाही विचारलं.

गोळी दिली, थर्मासमधलं कोमट पाणी घोटघोट पाजलं, ब्लँकेट गुंडाळलं. आधी सुखलालने त्याला पाठीवर घेतलं, मग मी, मग पुन्हा सुखलालने. मंगेश माझ्यापेक्षा उंच आहे, पण पाठीवर घेतल्यावर कळलं की तो किती हलका आहे. जळलेल्या गवताच्या पट्ट्यात माझा पाय घसरला तेव्हा तो माझ्या कानाशी ओरडला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "माय म्हनली होती तसा नाही नेऊन राहिला तू मले." बहुतेक त्याला मला हसवायचं होतं.

गावातून जीप मिळाली. परतवाड्यात सलाईन, तिथून अमरावती. माय दवाखान्यात आली, खाटेच्या पायथ्याशी बसली, माझ्याकडे पाहिलं नाही.

"माय, तिथून खालचे सारे दिवे दिसते," मंगेश म्हणाला.

"घरून दिसत नाही का दिवे?" ती म्हणाली आणि त्याचे तळवे चोळत राहिली.

या गोष्टीला दीड महिना झाला. त्याच्या डाव्या खुब्यातली कळ पूर्ण गेलेली नाही, चालताना तो जरा त्या बाजूला कलतो. डॉक्टर म्हणतात, फोटो काढून पाहू. तुम्ही त्या कुटीत जाणार असाल तर जरूर जा. लोक चांगले आहेत, जेवण चांगलं आहे, संध्याकाळी उंबरठ्यावर बसायला मिळतं. सोबत आजारी माणूस असेल तर त्याला कशाची भीती घालता ते बघा, आणि रात्रीची सोय उजेडातच विचारून घ्या. मंगेश पुढच्या वर्षाचं बोलतो. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

शनिवारी मी मोर्शीला घरी जातो. आम्ही दोघं एकाच खोलीत झोपतो. तो रात्री उठला की पूर्वी मी लगेच विचारायचो, काय झालं, दुखते का, बॅटरी देऊ का. आता डोळे मिटून पडून राहतो. दाराची कडी, अंगणातून त्याचा एक पाय ओढत गेल्याचा आवाज, परत येण्याचा आवाज.

मागच्या शनिवारी तो परत आला आणि अंधारातच उभा राहिला.

"दादा, जागा हाय का?"

मी बोललो नाही. तो थोडा वेळ थांबला. मग तांब्या उचलल्याचा आवाज आला आणि तो सावकाश, सगळं पाणी प्यायला.