खाऱ्या बांगड्याचं कालवण

साथ येण्याआधी माझ्या ताटात बांगड्याची शेपटी पडायची. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत एक मावशी खाणावळ चालवायची. जेवायला आम्ही वीसेक कोकणातले गिरणीवाले. कायम नोकरीवाल्याला मधला तुकडा, माझ्यासारख्या बदलीवाल्याला शेपटी. बदलीवाला म्हणजे कुणी गैरहजर राहिला तरच गिरणीच्या गेटातून आत जाणारा. पण काम नसलेल्या दिवशीही मला शेपटी वाढणारी ती एकटीच.

मग फ्ल्यू आला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत घसा फोडणारे गडी घोंगडी ओढून पडले. मला रोज काम. आजाऱ्यांना पेज आणि त्यांचे मधले तुकडे मला. खोटं कशाला सांगू, साथीत माझं अंग भरलं.

शेवटी मावशीच तापाने आडवी झाली. खाणावळ बंद राहिली तर गिऱ्हाइकं पांगणार, मावशीचा धंदा बसणार, आणि मला दुसऱ्या कुठल्या दारात कोण उभं करणार? म्हटलं, "रांधतो मी. त्याला काय अक्कल लागते?"

घरात खारे बांगडे होते. ते आधी भिजवून मीठ काढायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारणारा नव्हे. वर आणखी मूठभर मीठ टाकलं. धडधाकट गडी पहिल्या घासालाच उठले.

"अरे, समुद्र आटवलास काय?"

पण तापकऱ्यांच्या जिभेला चवच नव्हती. ते पेजेबरोबर ओरपत होते. मावशीही पडल्या पडल्या जेवली, म्हणाली, "कालवण बरा झालाहा."

"ऐकलंत?" मी बाकीच्यांना म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच रांधलं. तिसऱ्याही. मात्र जो बरा होई तो समोरच्या खाणावळीत पळे. चौथ्या दिवशी पंगतीला तिघे उरले.

त्या दिवशी मावशीने घास घेतला आणि मोरीत जाऊन थुंकला.

"मेल्या, खाऱ्या बांगड्यात परत मीठ कोण घालता रे?"

मावशी बरी झाली हे डॉक्टरच्या आधी आम्हाला कळलं. तिने मला कोपराने शेगडीपासून बाजूला सारलं. दोन दिवसांत सगळी पंगत परत आली.

साथ सरली. कायमवाले कामावर गेले, मी पुन्हा गेटाबाहेर. रात्री ताटात पाहतो तर मधला तुकडा.

"मावशी, चुकलीस काय?"

"गप खा. आणि शेगडीकडे बघू नको."

तुकडा जरा अळणी होता. पण मीठ न मागता मी काट्यापर्यंत चोखला.